दाराबाहेरचे बूट

"बाई चांगल्या आहेत गं, पण आपल्याला मोठ्यानं बोलायला त्या काय शिकवणार? त्यांचाच आवाज दुसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही."

जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून हे ऐकू आलं तेव्हा मी खालच्या वळणावर होते. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि एक पाय पुढच्या पायरीवर. कोणीतरी हसलं. मग मांजरी गावाहून वर्गाला येणाऱ्या ताईंचा आवाज आला. वर्गात सगळ्यांत भरदार आवाज त्यांचाच, त्यामुळे ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

"असू दे की. ल्हान हाय अजून. शिकंल हळूहळू."

त्यानंतर चपला फरशीवर टाकल्याचे आवाज आले, आणि दार ढकलल्याचा.

अशा वेळी माणसं खोकतात, नाहीतर पाय आपटत वर जातात, म्हणजे बोलणाऱ्यांना कळतं. मला ते जमत नाही. दार बंद होईपर्यंत मी तिथेच थांबले. फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं. जिन्यात मला बघणारं कोणीच नव्हतं, तरीही केलं. मग वर गेले. दाराबाहेर रोजच्यासारखा पसारा होता. पट्टा तुटून पुन्हा शिवलेल्या चपला, रबरी स्लिपर, कोणाचे तरी टाचा दाबून वापरलेले स्पोर्ट शूज. मी माझे बूट काढले, भिंतीच्या कडेला लावले आणि आत जाऊन "गुड मॉर्निंग" म्हणाले. दुसऱ्या बाकापर्यंत गेलं असावं.

आमचं केंद्र हडपसरमध्ये आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. दवाखान्यांच्या रिसेप्शनवर, बिलाच्या खिडकीवर काम करणारी माणसं तयार करायचा तीन महिन्यांचा कोर्स इथे चालतो. संगणक शिकवायला एक सर येतात. माझ्या विषयाला वेळापत्रकात 'प्रोफेशनल स्किल्स' म्हणतात. म्हणजे कसं उभं राहायचं, कसं बघायचं, फोन कसा उचलायचा, चिडलेल्या नातेवाइकांशी आवाज न चढवता कसं बोलायचं, आणि इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची.

आवाज न चढवणं मला आधीपासून येत होतं. बाकीचं मी पुस्तकातून शिकवत होते.

मी इथे कशी आले हे सांगायला फार काही नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले, इंग्रजीत एम.ए. केलं, आणि मग जिथे जिथे मुलाखती दिल्या तिथे तिथे "तुम्ही जरा शांत आहात, नाही का?" हे वाक्य ऐकून घरी आले. या केंद्राच्या सरांनी मला काही प्रश्न विचारले आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच दिली. माझं इंग्रजी ऐकून ते खूश झाले. "अ‍ॅक्सेंट चांगला आहे. बाकी शिकवायचं काय, सगळं मॅन्युअलमध्ये आहे," असं म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी मी फळ्यासमोर उभी होते.

समोर बसलेले जवळजवळ सगळे माझ्यापेक्षा मोठे. कोणाचं कंपनीतलं कंत्राट संपलेलं, कोणी मुलं शाळेत जायला लागल्यावर बाहेर पडलेलं. पहिल्या दिवशी दाराशी पोहोचले तर सगळ्यांच्या चपला बाहेर. मी बूट घालून आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. फरशी नुकतीच पुसलेली होती, ओली होती आणि माझ्या बुटांचे ठसे फळ्यापर्यंत उमटले. मांजरीच्या ताई उठल्या, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि ते ठसे पुसून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. त्यात टोमणा नव्हता. घरात कोणी पाणी सांडलं तर पुसावं तसं त्यांनी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी मी बूट बाहेर काढले. वीस-बावीस अनवाणी माणसांसमोर एकटीनं बूट घालून उभं राहण्यासाठी जे लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं.

त्यामुळे पुढे मजाच झाली. मॅन्युअलमध्ये 'ग्रूमिंग'चा एक धडा आहे. त्यात काळ्या बंद बुटांचं चित्र आहे. बायकांसाठीचे ते, ज्यांना दुकानात बेली म्हणतात. ते चित्र पडद्यावर लावून मी सांगत होते की बूट स्वच्छ असावेत, आवाज न करणारे असावेत, कामाच्या ठिकाणी नेहमी पायात असावेत. आणि हे सांगताना माझ्या पायाची बोटं गार फरशीवर आखडत होती. शेवटच्या बाकावरून वर्ध्याकडचे दादा म्हणाले, "मॅडम, हे सगळे बूट बाहेर ठेवायले मोठं स्टँड लागन जी."

सगळे हसले. मीही हसले.

हे दादा रांजणगावच्या एका कारखान्यात होते. कंत्राट संपलं, पुन्हा घेतलं नाही. गावी परत जायचं त्यांच्या मनात नव्हतं. "तिकडं जाऊन काय सांगू, काऊन आलो म्हणून?" असं ते एकदा चहा पिताना म्हणाले होते. वर्गात सगळ्यांत जास्त विनोद तेच करायचे. एकदा मी मुलाखतीचा सराव घेत होते. मॅन्युअलमधला प्रश्न होता, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? दादा उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "मॅडम, कंपनीत घेतानाही हेच विचारलं होतं जी. तवा सांगितलं होतं, सुपरवायझर." मग मागे बांधलेले हात सोडले. "आता काय सांगू, तुम्हीच सांगा."

मॅन्युअलमध्ये त्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, उत्तर आत्मविश्वासाने द्यावे. उत्तर काय द्यावे हे लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "छान. पुढचे कोण?"

खरं तर त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवं होतं, एवढंच कळत होतं. काय, ते आजही सांगता येणार नाही.

वर्गातली माणसं हळूहळू कमी होत गेली. कोणाकडे पाण्याचा टँकर यायचा दिवस, कोणाच्या सासूबाई दवाखान्यात, कोणाला मधेच एखादी रात्रपाळी मिळालेली, त्यामुळे सकाळी डोळे उघडत नाहीत. सर मला केबिनमध्ये बोलवायचे. "मॅडम, मोटिव्हेट करा त्यांना. तुमचं कामच आहे ते. जरा ऊर्जा दाखवा." ऊर्जा म्हणताना ते स्वतः खुर्चीत आणखी मागे रेलायचे. गैरहजर असलेल्यांना मी फोन करायचे. सरांनी सांगितलं होतं, सरळ म्हणा, जागा दुसऱ्याला देऊ. मी फोन लावायचे आणि म्हणायचे, "बरं आहे ना सगळं? या हं उद्या." आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायचे. माझा आवाज ऐकून कोणालाही उद्या यावंसं वाटणार नाही हे मला फोन लावायच्या आधीच माहीत असायचं.

मांजरीच्या ताई मात्र यायच्या. आधी त्या फुलांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये काम करायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाशी उभ्या राहून गुलाबाच्या जुड्या बांधायच्या. मग शेड बंद झाली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. इतकी वर्षं उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उभ्यानं काम करायचं नाही. कोर्सला नाव का घातलं असं मी सगळ्यांना विचारलं होतं. बाकीच्यांनी प्रगती, नवीन संधी, मुलांचं भवितव्य असं काहीबाही सांगितलं. ताई म्हणाल्या, "मला खुर्चीवर बसायचं हाय, मॅडम. बसून करायचं काम पाहिजे. बाकी काय नाय."

एवढं साधं उत्तर माझ्या कुठल्याही मुलाखतीत मला देता आलं नव्हतं.

एकदा त्या सलग काही दिवस आल्या नाहीत तेव्हा मी फोन केला. म्हणाल्या, "पाय सुजलेत. बूट चढंना. तुम्ही म्हणला व्हता बुटाची सवय करा, म्हणून घरात पण घालून फिरत व्हते." मी म्हणाले, "अहो, घरात कशाला? राहू द्या. चपला घालून या." मग मला वाटलं की आपण हे बरोबर सांगितलं की चुकीचं? शिक्षक म्हणून चुकीचं. पण त्यांचे पाय डोळ्यांसमोर आले आणि दुसरं काही तोंडातून निघेना.

त्या आल्या ते इंग्रजीची पाच-सहा वाक्यं पाठ करूनच. 'हाऊ मे आय हेल्प यू' हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. चहावाल्याला म्हणायच्या, संगणकाच्या सरांना म्हणायच्या. एक दिवस सांगत होत्या, "काल आमचे मालक कामावरनं घरी आले तर म्हणलं, गुड इव्हिनिंग सर, हाऊ मे आय हेल्प यू?"

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात, पाणी दे."

वर्ग इतका हसला की शेजारच्या केबिनमधून केंद्राचे सर बाहेर आले. आले ते दाराशीच थबकले. त्यांनी आमच्या दाराबाहेरचा चपलांचा पसारा त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. माझे बूट त्यातच होते, पण ते इतरांच्या बुटांसारखेच दिसतात. सर आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "हे काय, मंगल कार्यालय आहे का? जेवणावळ आहे आज?" आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा या नंतर."

मी फळ्यापुढच्या टेबलाआड उभी होते. माझे पाय त्यांना दिसले नाहीत. मी वर्ग संपल्यावर बूट घालून केबिनमध्ये गेले.

ते म्हणाले, प्रोफेशनल माणूस आधी बुटांवरून ओळखतात. ज्यांना वर्गात बूट घालून बसायची लाज वाटते, ते उद्या दवाखान्याच्या एसीत काय काम करणार? त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मला वाटत नाही. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की उद्यापासून सगळ्यांनी बूट घालून आत यायचं. सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळे बूट घालून आत बसले, मीही. दिवसभर खुर्च्या सरकवल्याचे, बुटांचे आवाज येत राहिले, आणि बाहेर पाऊस होता म्हणून फरशीभर चिखल झाला. संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज काय म्हशी आल्या व्हत्या का शिकायला?" त्यानंतरच्या दिवशी दोघांनी बूट बाहेर काढले. मग चौघांनी. मग सगळ्यांनी. शेवटी मी.

सरांनी दाराबाहेर पाटी लावली. ती त्यांनी स्वतः लिहून छापून आणली होती. 'हे देवस्थान नाही. कृपया पादत्राणे घालूनच आत यावे. (डोक्यातही काही घेऊन आल्यास उत्तम.)' वर्ध्याच्या दादांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली, सगळे मनापासून हसले, आणि हसत हसत आपापले बूट त्या पाटीच्या बरोबर खाली, एका ओळीत, नीट लावून आत आले. पाटीमुळे एवढी सुधारणा नक्की झाली की आधी जो पसारा असायचा तो आता रांगेत लागू लागला.

ताई आपल्या काळ्या बेली माझ्या बुटांशेजारी ठेवायच्या. का, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या आठवड्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या दवाखान्याकडून मुलाखती घ्यायला माणूस येणार असं ठरलं. मुलाखती आमच्याच वर्गात होणार होत्या. मी ताईंचा सराव घेतला. दार वाजवायचं, परवानगी मागायची, खुर्ची ओढताना आवाज करायचा नाही, हात मांडीवर, नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. मुलाखत घेणारी मी असायचे. सरावात त्या माझ्या डोळ्यांत बघायच्या आणि मी खाली बघायचे. मग त्या थांबायच्या. "मॅडम, तुम्ही खाली बघितलं की मला वाटतं चुकलंच काहीतरी." मी म्हणायचे, नाही, नाही, बरोबर होतं, पुन्हा करू.

मुलाखतीच्या दिवशी मी लवकर गेले. सवयीनं बूट बाहेर काढले, आत जाऊन टेबलं लावली. सरांनी निळं मखमली कापड आणून मोठ्या टेबलावर पसरलं. ते जमिनीपर्यंत लोंबत होतं. मग पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, फुलदाणी. मी त्या गडबडीत असताना बाहेर जिन्यात सर सगळ्यांना सांगत होते, "आज कोणीही बूट काढायचे नाहीत. कळलं? आज नाही." ते मला आत ऐकू आलं. माझ्या पायांकडे लक्ष गेलं. बाहेर जाऊन बूट घालावेत म्हणून निघाले, तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आत आले. मी पटकन टेबलामागच्या खुर्चीत बसले आणि पाय कापडामागे ओढून घेतले.

दवाखान्याकडून आलेली मुलगी माझ्याच वयाची होती. टाचांचे बूट, सरळ केस. तिनं मला कुठल्या शाळेतली म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिची शाळा आमच्या शाळेपासून फार लांब नव्हती. आम्ही थोडं इंग्रजीत बोललो, आणि मला किती सोपं वाटलं ते माझं मलाच जाणवलं. असं मी तीन महिन्यांत कोणाशी बोलले नव्हते. ती वाईट नव्हती. सगळ्यांशी नीट बोलत होती. एक-दोघं होऊन गेल्यावर मला हळूच म्हणाली, "गोड आहेत हं सगळे. पण आम्हाला तयार माणसं लागतात."

वर्ध्याचे दादा आत आले, व्यवस्थित बसले. आधीची नोकरी का सोडली, असं तिनं विचारलं. याचं उत्तर आम्ही कितीतरी वेळा पाठ केलं होतं, नवीन क्षेत्रात प्रगतीसाठी. दादा म्हणाले, "सोडली नाही जी. काढलं." ती हसली. सरही हसले. दादाही हसले. मी समोरच्या कागदावर काहीतरी रेघ ओढली.

ताईंचं नाव मधेच होतं, पण त्या आल्या नव्हत्या. गाडी कुठेतरी गर्दीत अडकली होती. शेवटी सगळे झाल्यावर जिन्यात धावत येणारे पाय ऐकू आले. एवढ्या जड पायांनी धावत येणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मग दाराबाहेर क्षणभर शांतता. तेवढ्या शांततेत काय होतंय ते मला कळलं. तीन महिने रोज मी तो आवाज ऐकला होता. एक बूट, मग दुसरा.

दार वाजलं. "मे आय कम इन, मॅडम?"

अगदी बरोबर म्हणाल्या. दम लागलेला असूनही.

त्या आत आल्या. इस्त्रीची साडी, केस चापून बसवलेले, आणि खाली अनवाणी पाय. जोडवी, सुजलेली बोटं, टाचेवर बुटानं घासलेल्या जागी चिकटवलेली पट्टी. दवाखान्याच्या मुलीची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. ताई खुर्ची आवाज न करता ओढून बसल्या. हात मांडीवर. नजर समोर. आम्ही ठरवलं होतं तसंच.

"शूज?" मुलीनं विचारलं.

ताईंनी खाली बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं. "बाहेर काढले," त्या म्हणाल्या.

सर खुर्चीत मागे रेलले. "बाहेर पाटी लावली आहे. वाचता येतं ना?"

"येतं सर."

"मग? देवाचं दर्शन घ्यायचं होतं का?"

मुलगी थोडी अवघडली. तिनं मऊ आवाजात विचारलं, "क्लासमध्ये तुम्हाला हे सांगितलं नव्हतं का?"

ताईंनी फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं होतं. माझ्याकडे बघितलं असतं तरी पुरे होतं. निळ्या कापडामागे माझे पाय काय अवस्थेत आहेत हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि माझे बूट कुठे असतात ते सगळ्यांत जास्त त्यांना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "मॅडमनी समदं शिकवलं. मलाच सवय नाय बुटांची. ध्यानातच ऱ्हायलं नाय."

सर माझ्याकडे वळले. "घ्या मॅडम. तीन महिन्यांची मेहनत."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. त्या दवाखान्यानं ज्यांना बोलावलं त्यांत ताई नव्हत्या. कारण बूट होते की इंग्रजी, की वय, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. वर्ध्याच्या दादांना बोलावलं, बिलाच्या खिडकीवर. ताई आता मांजरीच्याच एका नव्या सोसायटीच्या गेटवर असतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेतात. तिथे खुर्ची आहे, पण गाडी आली की उठून उभं राहायचं असतं आणि गाड्या सारख्या येतात. परवा फोनवर बोलताना म्हणाल्या, "खुर्ची मिळाली बघा, मॅडम." मी म्हणाले, "हो." नव्या बॅचला मी अजून तेच मॅन्युअल शिकवते. पाटी अजून आहे.

मी जे बोलले त्यानं काही बदललं असं मला वाटत नाही. कदाचित बिघडलंही असेल. पण त्या दिवशी त्या खोलीत ताई खाली बघत होत्या, आणि त्या खाली बघत असताना चूक त्यांची आहे असं सगळ्यांना वाटणार होतं.

मी बोलले. पण ते निळ्या कापडापलीकडे गेलंच नाही.

"सॉरी?" मुलगी म्हणाली. "काय म्हणालात?"

मी पाय कापडाखालून पुढे काढले आणि उभी राहिले. या वेळी आवाज दारापर्यंत गेला असावा, कारण बाहेर जिन्यात थांबलेल्यांचं बोलणं एकदम थांबलं.

"माझेही बूट बाहेरच आहेत, सर. रोज असतात. त्यांच्या बुटांच्या शेजारी."